हेरपटांतील मोटारगाड्या : सातत्य आणि वास्तवता

हेरपटात नायकाची मोटार हे एक पात्रच असते. त्या पात्राचे रूप एका शॉटमधून दुसऱ्या शॉटमध्ये जाताना बदलू नये म्हणून घेतली जाणारी काळजी म्हणजे सातत्य, चित्रीकरणाच्या बोलीत ‘कंटिन्युइटी’. पडद्यावरची गाडी जे करते ते खऱ्या गाडीला, खऱ्या रस्त्याला आणि हेराच्या धंद्याला कितपत झेपेल, हा वास्तवतेचा प्रश्न. दोन्हींचा उल्लेख जोडीने होतो, पण त्यांचे आपसात फारसे जमत नाही. गाडीच्या टपातून उडणारी सीट प्रेक्षक मुकाट्याने मान्य करतो. फुटलेली काच पुढच्याच शॉटमध्ये धड दिसली की थिएटरात कुजबुज सुरू होते. कोल्हापूरसारख्या, सिनेमा आणि लोखंडकाम दोन्ही मुरलेल्या गावात ती जरा मोठ्यानेच होते.

सातत्य बिघडण्याचे मूळ चित्रीकरणाच्या पद्धतीत आहे. पाठलागाचा प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. शेवटची धडक सोमवारी आणि सुरुवातीचे वळण शुक्रवारी, असेही होते. शिवाय पडद्यावर एकच दिसणारी गाडी प्रत्यक्षात अनेक असतात : जवळून दाखवायची चकचकीत, उड्या मारायला आतून लोखंडी पिंजरा बसवलेली, ट्रेलरवर चढवून नटाचा चेहरा टिपायची. कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून आतला आरसा आणि सीटमागच्या उशा काढतात, आणि पुढच्या शॉटआधी परत लावायचे राहून जाते. कंटिन्युइटी पाहणारा सहायक प्रत्येक शॉटनंतर फोटो काढून ठेवतो : पोचा कुठे आहे, वायपर कोणत्या कोनात थांबले, चिखल किती वर उडाला.

या चुकांचा मुकुटमणी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ (१९७१) या बाँडपटात आहे. लास व्हेगासमधल्या पाठलागात लाल मस्टँग अरुंद बोळात उजव्या बाजूच्या दोन चाकांवर शिरते आणि डाव्या बाजूच्या दोन चाकांवर बाहेर पडते. दोन्ही भाग वेगवेगळ्या ठिकाणी चित्रित झाले होते. चूक लक्षात आल्यावर गाडीच्या आतला एक छोटा शॉट मध्ये घातला गेला. त्यात बाँड आणि सोबतची बाई एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलतात. म्हणजे भिंतींमध्ये अडकलेल्या गाडीने बोळातच कूस बदलली, असे आपण समजून घ्यायचे. ही मलमपट्टी मूळ जखमेपेक्षा जास्त गाजली.

एका चित्रपटातून दुसऱ्यात जाणाऱ्या सातत्याची गोष्ट वेगळी. ‘गोल्डफिंगर’मधील (१९६४) ॲस्टन मार्टिन डीबी-५ ला फिरत्या नंबरप्लेटा होत्या, पुढे मशिनगन होती आणि शेजाऱ्याला बाहेर फेकणारी सीट होती. ‘कसिनो रॉयल’मध्ये (२००६) बाँड बहामात जुगारात जी डीबी-५ जिंकतो तिचे स्टिअरिंग डावीकडे आहे. त्याच नटाच्या, डॅनियल क्रेगच्या, ‘स्कायफॉल’मध्ये (२०१२) मात्र उजव्या स्टिअरिंगची, १९६४ मधलीच नंबरप्लेट लावलेली आणि मशिनगनसह सज्ज डीबी-५ गॅरेजातून निघते. जुगारातली गाडी हीच, असे धरले तर हिशेब कुठेच जुळत नाही. जुन्या प्रेमापोटी केलेली ही लबाडी प्रेक्षकांनी पोटात घातली, आणि ते योग्यच झाले.

वास्तवतेच्या बाबतीत गंमत अशी की, सर्वांत अशक्य वाटणारी काही दृश्ये खरोखर घडलेली असतात. ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मध्ये (१९७४) थायलंडमधल्या एका ओढ्यावरून एएमसी हॉर्नेट हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे चाकांवर उतरते. उडीचे गणित अमेरिकेत संगणकावर मांडले होते. तोल साधावा म्हणून स्टिअरिंग गाडीच्या मधोमध आणले होते. आणि ती एकाच टेकमध्ये पार पडली. एवढ्या अस्सल करामतीवर संकलनात शिट्टीचा विनोदी आवाज चढवला आणि खरी उडी खोटी वाटू लागली. उलट ‘कसिनो रॉयल’मध्ये गाडी नैसर्गिकपणे उलटेचना. ॲस्टन मार्टिनचीच डीबीएस जमिनीला इतकी चिकटून चालणारी की रॅम्पवरूनही पलटी खाईना. शेवटी आत वायूच्या दाबावर चालणारी तोफ बसवून ती उलटवली. तिने सात कोलांट्या खाल्ल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली.

‘द स्पाय हू लव्हड मी’मधील (१९७७) पाण्याखाली चालणारी लोटस एस्प्री खरीच चालत होती, पण तिच्या आत पाणी भरलेले असे आणि चालवणारा पाणबुड्याच्या पोशाखात असे. कथेत तीच गाडी आतून कोरडी ठणठणीत किनाऱ्यावर येते आणि बाँड खिडकीतून एक मासा बाहेर टाकतो. पाणी शिरले नाही तर मासा कुठून शिरला, हे विचारायचे नाही.

खऱ्या हेरगिरीत गाडीची किंमत ती लक्षात न राहण्यात असते. केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संघटनेतला ब्रिटिशांचा हेर ओलेग गोर्दिएव्हस्की याला जुलै १९८५ मध्ये सोव्हिएत रशियातून फिनलंडमध्ये काढले ते फोर्ड सिएरा या साध्या कुटुंबवत्सल गाडीच्या डिकीतून. सीमेवर कुत्री हुंगत आली तेव्हा सोबतच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पत्नीने डिकीवरच बाळाचे लंगोट बदलले. या दृश्यात ना वेग आहे ना धूर. निर्माता ते बहुधा कापूनच टाकेल.

कोल्हापूरला चित्रपटाची परंपरा बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासूनची. ‘प्रभात’ची स्थापनाही १९२९ मध्ये इथलीच, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. आज मोरेवाडीला चित्रनगरी आहे. दुसरीकडे उद्यमनगरातली वर्कशॉपे आणि शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्या गाड्यांचे सुटे भाग ओततात. अशा गावात चार गिअरच्या गाडीने पडद्यावर सहाव्यांदा गिअर बदलला, किंवा चिखलात टायर करकचून किंचाळले, की मिस्त्री मंडळी हसणारच.

या जिल्ह्यात पाठलाग चित्रित करायचा तर अडचणी इथल्याच मातीतून येतात. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा या बाजूला जांभ्याची तांबडी माती, शिरोळ-हातकणंगलेकडे काळी. करूळ घाट चढून आलेली गाडी मडगार्डला काळा चिखल घेऊन रंकाळ्यावर उभी राहिली, तर शूटिंग कुठे झाले ते इथले पोरसुद्धा सांगेल. गळीत हंगामात आणखी एक भर. पहिल्या शॉटमध्ये रस्त्याकडेला पुरुषभर उंचीचा ऊस असतो. आठवड्याने उरलेला शॉट घ्यायला यावे तर फड तुटलेला, मागे डोंगर उघडा पडलेला, आणि मध्येच दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आलेला. त्याला थांबवणे कोणत्याही दिग्दर्शकाच्या हातात नाही.

नंबरप्लेटचे भान हे वास्तवतेतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. एमएच-०९ ही कोल्हापूरची. पण सीमेवरच्या या शहरात निपाणी-चिक्कोडीकडची केए-२३ रोज दिसते, तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. लपून राहायचे असलेल्या हेराला ती बरी, आणि दिल्लीची डीएल वाईट. जुन्या काळच्या कथेत चुका जास्त होतात. एमएच ही खूण १९८९ नंतरची. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे असत. खासगी गाडीच्या काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरे असायची, पांढऱ्यावर काळी हा बदल या शतकाच्या सुरुवातीचा. होलोग्रामची प्लेट नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, त्यामुळे १९७१ च्या युद्धावरच्या कथेत ती पार्श्वभूमीलाही चालत नाही. तिथे अँबॅसडर आणि फियाटच हव्यात. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून त्या काळी हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवत. भाड्याने आणलेल्या जुन्या गाड्यांवर कलाविभाग तो रंग लावायला बहुतेक वेळा विसरतो.