पाठ सळईसारखी सरळ हवी? अजिबात नाही

सारसबागेत सकाळी कुणी ना कुणी सांगतंच, "पाठ सळईसारखी सरळ ठेव, दुखणार नाही." किती वर्षं फिरतंय हे, आणि साफ चूक आहे. बाजूनं बघितलं तर कणा मानेत आणि कंबरेत आत, छातीमागे बाहेर वळलेलाच असतो, तसाच हवा. तोल मोजायला उभं करून बाजूनं एक्स-रे काढतात, मानेच्या सातव्या मणक्यातून ओळंब्यासारखी रेघ खाली सोडतात आणि ती त्रिकास्थीच्या, म्हणजे कंबरेखालच्या तिकोनी हाडाच्या, वरच्या मागच्या कोपऱ्यापासून किती पुढे पडते ते बघतात, साधारण ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली की तोल बिघडलाय समजतात, वयानुसार थोडी सूट असते. आणि पुतळ्यासारखं स्थिर तर कुणीच उभं राहत नाही, फोर्स प्लेटवर, म्हणजे पायांखालचा जोर मोजणाऱ्या सपाट यंत्रावर, उभं केलं की आपण सतत बारीक डुलताना दिसतो, डोळे मिटले की अजून जास्त. त्यामुळे पोरांना दटावून ताठ करू नका प्लीज.