जुना डेस्कटॉप नेमका कुठे अडतो?

बटण दाबल्यावर काही मिनिटांनी स्क्रीनवर आयकॉन उमटतात. ब्राउझरवर क्लिक केलं की कॅबिनेटमधून कुरकुर सुरू होते आणि माउसचा बाण जागीच खिळतो. अशा वेळी ‘प्रोसेसर जुना झालाय, नवा पीसीच घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते तो बहुतेकदा घाईचा असतो. सात-आठ वर्षांपूर्वीचा चार कोअरचा प्रोसेसर टायपिंग, हिशेब, अभ्यास, व्हिडिओ एवढ्या कामांना आजही पुरून उरतो. वेळ जातो तो बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी भागाची वाट पाहण्यात.

हे स्वतः पडताळता येतं. विंडोज असेल तर पीसी रेंगाळलेला असतानाच टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि प्रोसेसरच्या रकान्यात जेमतेम १०-१५ टक्के दिसले, तर दुखणं सापडलं.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा जातो. त्याआधी हेडला योग्य पट्ट्यावर सरकावं लागतं, त्यात आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. सगळे मिळून साडेबारा धरले, तर विखुरलेल्या नोंदी सेकंदाला ८० च्या आसपासच वाचून होतात. तेवढ्याच साडेबारा मिलिसेकंदांत ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे पावणेचार कोटी ठोके पडून जातात. पीसी सुरू होताना तर हजारो लहान-लहान फाइली वाचायच्या असतात!

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, लावता येते. तिच्यात फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. कुठलीही नोंद साधारण ०.१ मिलिसेकंदात हाती येते. खोक्यावर छापलेला ‘सेकंदाला ५५० एमबी’ हा आकडा एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो. जुन्या मदरबोर्डवरचं (सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डवरचं) साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायची जागा, ३ गिगाबिटचं असेल, तर तो निम्म्यावर येतो. त्याने खट्टू होऊ नका, कारण रोजच्या वापरातली चपळाई त्या ०.१ मिलिसेकंदातून येते आणि ती जुन्या पोर्टवरही मिळते.

संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ साली अनेक प्रोसेसरांच्या संगणकांबद्दल मांडलेलं तत्त्व इथे चपखल बसतं: एखाद्या भागाचा वेग वाढवून होणारा फायदा, तो भाग एकूण वेळातला किती वेळ खातो यावर ठरतो. समजा, एका कामाला ४० सेकंद लागतात. त्यातले ३० डिस्कचे, १० प्रोसेसरचे. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणलात तर ४० चे ३५ होतील. दहापट वेगाची डिस्क लावलीत तर १३ होतील. म्हणून पैसे कुठे घालायचे, हे टास्क मॅनेजर पाहिल्याशिवाय ठरवू नये.

डिस्क १०० टक्क्यांवर जाण्यामागे कधी कधी रॅमचाही (चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या मेमरीचाही) हात असतो. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यातला काही मजकूर डिस्कवर हलवते आणि लागला की परत आणते. रॅमला जे नॅनोसेकंदांत जमतं, त्याला हार्ड डिस्क लाखपट वेळ घेते. तेव्हा मेमरीचा रकानाही बघा. तो ९० टक्क्यांच्या वर असेल तर ४ जीबीची ८ केल्यावर फरक लगेच जाणवतो. मात्र ऑपरेटिंग सिस्टीम ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम सहसा वायाच जाते. डीडीआर३ आणि डीडीआर४ या प्रकारांच्या रॅमच्या पट्ट्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळी, व्होल्टेजही वेगळं (१.५ आणि १.२). पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. प्लग आधीच काढलेला असू द्या आणि पट्टी हातात घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. आपल्याला जाणवतही नाही एवढ्या स्थिर विजेने चिप निकामी होऊ शकते.

पंखा सतत घोंघावत असेल तर थर्मल पेस्ट बदलून पाहावी. प्रोसेसर आणि त्याची उष्णता शोषणारा धातूचा हीटसिंक यांचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये हवेच्या बारीक फटी राहतात, आणि हवेपेक्षा तांब्यातून उष्णता सुमारे पंधरा हजार पट सहज वाहते. त्या फटी भरायचं काम पेस्टचं. ती सुकली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा आणि नवीचा वाटाण्यापेक्षा लहान ठिपका मधोमध ठेवा.

तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदलला की काम झालं. एसएमपीएसचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, तसं नाही. त्यातल्या कपॅसिटरांमधलं (वीज साठवणाऱ्या भागांमधलं) द्रव उष्णतेने हळूहळू सुकतं. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पीसी अचानक बंद पडू लागला तर संशय इथेही घ्यावा. पण एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वरची वीज शिल्लक असू शकते. तो अख्खाच बदलायचा.

प्रोसेसरच बदलायचा तर सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, जुळलं एवढ्यावर भागत नाही. इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटचे २०१५ चे बोर्ड आणि २०१७ अखेर आलेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर यांची पिनसंख्या एकच, तरी जोडी अधिकृतपणे चालत नाही. उलट एएमडीच्या २०१७ च्या अनेक एएम४ सॉकेटच्या बोर्डांवर बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर २०२० चे रायझन ५००० चालतात. बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरची यादी बघूनच खरेदी करा.

एक अडचण मात्र सुटे भाग बदलून सुटत नाही. विंडोज १० चं नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यापायी ठणठणीत यंत्रं अडगळीत जावीत, हे मला पटत नाही. लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ती पेन ड्राइव्हवरून थेट सुरू करून पाहता येते, डिस्कवर काहीही न बदलता. वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते तिथेच तपासा आणि मगच इन्स्टॉल करा.