ज्येष्ठांचे पडणे : अस्थिरोग उपचारातील प्रतिबंध

उतारवयातील रुग्ण तोल जाऊन, पाय घसरून किंवा भोवळ येऊन पडू नये म्हणून रुग्णालयात व घरी घेतली जाणारी काळजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे दगावतात. त्यांत साठीपुढचे सर्वाधिक. म्हातारपणी खुब्याचे हाड बहुतेक वेळा साध्या पडण्यानेच मोडते. हाड जोडले की उपचार संपले, असे घरच्यांना वाटते. पण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा धोका मोठा असतो. म्हणून तो का पडला, हे शोधल्याशिवाय त्याला घरी पाठवणे म्हणजे उपचार अर्धवट सोडणे होय.

आधी गोळ्यांची पिशवी पाहावी. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोल जाऊ शकतो. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजतात. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर भोवळीचे कारण तिथे असू शकते. मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळवे हेही तपासावे लागते. ‘टाइम्ड अप अँड गो’ (१९९१) या चाचणीत रुग्ण खुर्चीतून उठतो, तीन मीटर चालून वळतो आणि परत येऊन बसतो. यास १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास धोका धरतात.

गुडघा बदलल्यावर वेदना थांबवण्यासाठी मांडीची नस बधिर केली असेल, तर दुखत नाही म्हणून रुग्ण निर्धास्त उठतो; पण मांडीचा स्नायूही ढिला पडलेला असल्याने गुडघा एकदम दुमडतो. रात्री लघवीला उठताना हे विशेष घडते. पलंगाचे कठडे लावून भागत नाही. गोंधळलेला रुग्ण ते ओलांडू पाहतो आणि अधिक उंचीवरून पडतो. घंटा हाताशी, पलंग खाली आणि ठरावीक वेळी शौचालयाला नेणारे माणूस, हे जास्त उपयोगी.

घरी ओली मोरी, सरकणारे पायपुसणे व सैल चप्पल आधी हटवावी. कमोडशेजारी दांडी बसवावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी; तिची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. पायांची ताकद व तोल सुधारणारा न्यूझीलंडचा ‘ओटागो’ व्यायामक्रम परिणामकारक ठरला आहे. पडण्याच्या धास्तीने बसून राहिल्यास स्नायू आणखी झिजतात.

हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध मात्र बरेचदा राहून जाते. साध्या पडण्याने खुबा मोडलेल्या वृद्धात ते घनता तपासणीसाठी न थांबताही सुरू करता येते; त्याआधी ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियमची कमतरता भरून काढतात.