माइकची क्लिप तुटली? मोडके तुकडे घेऊनच या

आम्ही माइकच्या क्लिपा, म्हणजे माइकला स्टँडवर धरून ठेवणाऱ्या पकडी, बनवून आणि दुरुस्त करून देतो. क्लिप तुटली की बरेच ग्राहक नुसता माइक घेऊन येतात. तुकडे तोवर केरात गेलेले असतात. आमची पहिली विनंती हीच, की तुकडे टाकू नका. कुठे तडकली यावरून का तडकली ते कळतं. पाठीला उभी चीर असेल तर तिच्यात मापापेक्षा जाड माइक कोंबला जात होता. सांध्यापाशी तुटली असेल तर स्क्रू फार आवळला होता, नाहीतर केबलचा सगळा भार तिच्यावर लोंबकळत होता. कारण तसंच राहिलं तर आमची नवी क्लिपही तिथेच तुटेल.

आधी तयार क्लिप शोधा

कंपनीची क्लिप मिळत असेल तर तीच घ्या. शुअरच्या एसएम ५७ आणि एसएम ५८ सारख्या माइकची क्लिप बनवून घेण्यात पैसे घालवू नका. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा, पण माइक सोबत न्या आणि दुकानातच बसवून बघा. ‘सगळ्यांना बसते’ म्हणून मिळणारी क्लिप पेन्सिलसारख्या बारीक कंडेन्सर माइकला नीट बसेलच असं नाही. एकेजीचा सी ४५१ बी १९ मिलिमीटर जाड आहे, न्यूमनचा केएम १८४ हा २२. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात. पण एकोणीसच्या क्लिपमध्ये बाविसाचा माइक रेटला की ती ताणून ताणून तडकते, आणि बाविसाच्या क्लिपमध्ये एकोणीसचा माइक खुळखुळतो, मान खाली केली की सरकतो.

मग लोक माइकलाच चिकटपट्टी गुंडाळून जाड करतात. हे कृपया करू नका. अशा कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणाऱ्या, माइकच्या डोक्यामागे बारीक खाचा असतात. मागून येणारा आवाज तिथून आत शिरतो आणि माइकच्या आतल्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंनी पोचल्यामुळे बराचसा विरतो. खाचा पट्टीने किंवा क्लिपने झाकल्या की माइक चहूबाजूंचं ऐकायला लागतो. तबल्यावर लावलेल्या माइकमध्ये शेजारची पेटी अचानक जास्त यायला लागली, तर माइक बिघडला म्हणण्याआधी खाचा उघड्या आहेत का ते पाहा. आमची प्रत्येक क्लिप खाचांच्या मागेच धरते, मग तिची रुंदी थोडी कमी ठेवावी लागली तरी चालेल.

आटे

स्टँडचे आटे मुख्यतः दोन प्रकारचे: पाच सुती, म्हणजे ५/८ इंच, इंचाला २७ आटे, आणि तीन सुती, म्हणजे ३/८ इंच, इंचाला १६ आटे. दोघांची सांगड घालणारा पितळी बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेलं छोटं कडं, स्वस्तात मिळतो, चार जास्तीचे घेऊन ठेवा. मात्र हार्डवेअरच्या दुकानातला पाच सुती बोल्ट किंवा नट इथे चालत नाही. त्याला साधारणपणे इंचाला ११ आटे असतात. एक वेढा फिरतो, अडकतो, आणि जोर लावला की क्लिपचे आटे जातात. नुसते आटे गेले असतील तर क्लिप बदलायची गरज नाही, आम्ही आत पितळी बुश बसवून देतो.

आम्ही कशी बनवतो

क्लिपा आम्ही थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर देत छापतो. पहिल्या क्लिपा पीएलए नावाच्या प्लॅस्टिकमध्ये छापल्या होत्या. एका ग्राहकाची अशी क्लिप मे महिन्यात दुपारभर बंद गाडीत राहिली. संध्याकाळी माइक लावला तेव्हा धरल्यासारखा वाटला, पण दुसऱ्या गाण्याला निसटून फरशीवर पडला आणि जाळी चेपली. चूक सर्वस्वी आमची होती, जाळी आम्ही बदलून दिली. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, शिवाय सतत ताणलेलं राहिलं की हळूहळू सैल होतं. तेव्हापासून क्लिपसाठी आम्ही ते वापरत नाही. आता पीईटीजी नावाचं दुसरं प्लॅस्टिक किंवा नायलॉन वापरतो. छापताना क्लिप आडवी ठेवतो, म्हणजे प्रत्येक थर अखंड कमानीसारखा पडतो. उभी छापली तर ताण थेट दोन थरांच्या सांध्यावर येतो आणि क्लिप तिथेच उकलते.

ग्राहकाला देण्याआधी माइकच्याच जाडीचा, दुप्पट वजनाचा लोखंडी दांडा क्लिपमध्ये अडकवून, तोंड खाली करून रात्रभर टांगून ठेवतो. सकाळी तो केसभरही सरकलेला असेल तर ती क्लिप बाद.

शॉकमाउंट

शॉकमाउंट म्हणजे स्टँडचे धक्के माइकपर्यंत पोचू नयेत म्हणून त्याला इलास्टिकवर झुलता धरणारी चौकट. मोठ्या माइकच्या शॉकमाउंटचं इलास्टिक कालांतराने एकतर लोंबतं, नाहीतर कडक होतं. कडक झालेलं जास्त फसवतं, कारण दिसायला ते ठीक असतं. लाकडी जमिनीवर बसून वाजवलेल्या डग्ग्याचा धक्का स्टँडमधून वर चढतो आणि ध्वनिमुद्रणात धपधप उमटते. इलास्टिक बदलणं सोपं आहे: जुन्या वेढ्याची लांबी मोजा, तेवढ्याच ताणाचं गोल इलास्टिक घ्या आणि समोरासमोरचे वेढे जोडीने बदला, म्हणजे माइक एका अंगाला कलत नाही.

न्यूमनचा यू ८७ अर्धा किलोचा आहे. एवढ्या वजनाच्या माइकसाठी दाबून बसवायची क्लिप आम्ही बनवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. त्याला तळाशी आट्याने बसणारा होल्डर किंवा शॉकमाउंटच हवा.

माप पाठवताना

माइक आणणं शक्य नसेल तर व्हर्निअरने (जबड्यांत धरून जाडी मोजायच्या साधनाने) दोन ठिकाणी जाडी मोजा: क्लिप धरते तिथे, आणि त्याच्या तीन सेंटिमीटर मागे. दोन्ही आकडे वेगळे आले तर माइकचा दांडा निमुळता आहे, आम्हाला दोन्ही कळवा. व्हर्निअरचे जबडे नुसते टेकवा, दाबू नका, रंगावर चरा उमटतो. सोबत माइकचं वजन, स्टँडचा आटा आणि खाचा कुठे आहेत ते दाखवणारा एक फोटो पाठवा. आणि अर्थातच, मोडके तुकडे.