अक्षर खाली येईपर्यंत ओळखा!

हेडफोनमध्ये 'म्' असा आवाज येतो. पडद्यावर तीन-चार अक्षरं वरून हळूहळू खाली येत असतात. ती तळाला टेकायच्या आत बरोबर अक्षरावर बोट ठेवायचं. 'ग्राफोगेम' मुळात एवढाच. फिनलंडच्या युवास्क्युला विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हेइक्की ल्युतिनेन आणि सहकाऱ्यांनी तो घडवला, तो वाचनात मागे पडण्याची शक्यता असलेल्या मुलांसाठी.

खरी करामत आत आहे. मूल कुठे अडतं याची नोंद ठेवून खेळ काठिण्यपातळी बदलत राहतो. पाचांपैकी साधारण चार उत्तरं बरोबर यावीत, असा बेत. सगळंच जमलं की कंटाळा येतो, काहीच जमेना की मूल उठून जातं. भरलेल्या वर्गात एकट्या बाईंना प्रत्येकासाठी हे साधणं कठीणच.

२०१०मध्ये झुरिकच्या संशोधकांनी, अजून वाचता न येणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना हा खेळ दिला. आठ आठवड्यांत मिळून चार तासही खेळणं झालं नाही, तरी छापील शब्द दिसताच मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात वेगळा प्रतिसाद उमटू लागला. वाचणाऱ्यांचा नेमका हाच भाग अक्षरांना सरावलेला असतो.

पण अक्षर ओळखता आलं म्हणजे वाचता आलं, असं नाही. २०२०मध्ये या खेळावरचे २८ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा शब्दवाचनावरचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला! फायदा दिसला तो जिथे मोठी माणसं खेळात मनापासून लक्ष घालत होती, तिथे. ॲपच्या जाहिरातींत ही ओळ सहसा सापडत नाही.

मराठीत असा खेळ करायचा तर नुसती अक्षरं बदलून भागणार नाही. फिनिशमध्ये अक्षर-ध्वनीच्या जोड्या जेमतेम वीस-पंचवीस. आपली बाराखडीच चारशेच्या वर जाते, जोडाक्षरं निराळी. त्यात 'कि'मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, कानाला नंतर ऐकू येते. शिवाय सुटा 'कि' ऐकवून 'पहिली की दुसरी?' विचारलं, तर मोठेही गडबडतील. तिथे 'कीड' आणि 'किडा' असे अख्खे शब्दच ऐकवायला हवेत. त्यांतला लांब-आखूड फरक कानाला लागतो.