क्रोएशियाच्या किनाऱ्यावर भाड्याच्या शिडाच्या नौकेने प्रवास : परवाना, करार, व्हिसा आणि कागदपत्रे

स्प्लिटहून निघून मिल्ना, व्हिस, कोमिझा, ह्वार अशी एकेक बंदरे घेत शिडाच्या नौकेने आठवडाभर फिरणे भारतीय पासपोर्टधारकांनाही शक्य आहे. अडचण येते ती कागदपत्रांच्या क्रमात. बहुतेक जण आधी विमानाची तिकिटे काढतात, मग व्हिसाच्या मागे लागतात आणि नौका चालवण्याच्या परवान्याची चौकशी अगदी शेवटी करतात. हा क्रम उलटा हवा. आधी परवान्याची खात्री, मग नौकेचा करार आणि त्या कराराच्या आधारावर व्हिसाचा अर्ज.

स्किपर, म्हणजे नौका चालवणारा पगारी कप्तान, न घेता ‘बेअरबोट’ पद्धतीने नौका घ्यायची असेल, तर नौका चालवणाऱ्या व्यक्तीकडे क्रोएशियाच्या सागरी व्यवहार मंत्रालयाने मान्य केलेले प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. मान्य प्रमाणपत्रांची देशवार यादी मंत्रालय प्रसिद्ध करते आणि कोणत्या प्रमाणपत्रावर केवढी नौका चालवता येते, हेही तीत दिलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ठराव क्रमांक ४० नुसार दिले जाणारे आयसीसी, म्हणजे नौका चालवण्याच्या क्षमतेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, तेथे चालते. परंतु ते कोणाला द्यायचे हे अर्जदाराचे नागरिकत्व आणि वास्तव्य पाहून ठरते, त्यामुळे प्रशिक्षणाचे शुल्क भरण्यापूर्वीच संबंधित संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावे. मुंबईच्या बंदरात लहान डिंगी चालवण्याचे प्रशिक्षण घेतलेले असले, तरी केबिन असलेल्या मोठ्या नौकेसाठी तेवढे पुरेसे धरले जात नाही. याखेरीज नौकेवरील किमान एका व्यक्तीकडे व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे समुद्रावर संपर्कासाठीचे बिनतारी यंत्र, वापरण्याचे प्रमाणपत्र लागते, आणि नेमके हेच अनेकांकडून राहून जाते. दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती भाड्याच्या कंपनीला पाठवून, त्या चालतील असे ईमेलवर कळल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये.

परवाना नसल्यास स्किपरसह नौका घेता येते. स्किपरचे दिवसाचे शुल्क वेगळे असते, त्याच्या जेवणाची आणि झोपण्याच्या जागेची सोय आपल्याला करावी लागते आणि नौकेच्या मंजूर प्रवासीसंख्येत तोही मोजला जातो. डोंगरावरून अचानक उतरणारा ईशान्येचा ‘बुरा’ वारा ज्यांनी कधी अनुभवलेला नाही, त्यांनी परवाना असला तरी पहिल्या खेपेस स्किपर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

करारात नौकेचे नाव, मूळ मरिना (नौका जिथे लावलेली असते ते बंदर), ताबा घेण्याची व परत करण्याची वेळ आणि अनामत रक्कम नमूद असते. अनामत बहुधा क्रेडिट कार्डावर रोखून ठेवली जाते. म्हणून कार्डाची मर्यादा पुरेशी आहे का आणि परदेशातील वापर सुरू केला आहे का, हे भारतातून निघण्यापूर्वीच पाहावे. नौकेवर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, नागरिकत्व आणि पासपोर्ट क्रमांक असलेली खलाशी यादी कंपनी सरकारी प्रणालीत नोंदवते. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, तर पासपोर्टवर पहिली दोन नावे एकाच रकान्यात असू शकतात. विवाहित स्त्रियांची नावे तर दोन कागदांवर दोन तऱ्हांची सापडतात. यादीत, करारात आणि विमा पत्रात नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, अक्षरही न बदलता, द्यावे.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. त्यामुळे अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो आणि कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. उन्हाळ्यातील प्रवासासाठी मात्र शेवटच्या दिवसांवर विसंबून राहू नये. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, शिवाय अर्ज केंद्राचे सेवाशुल्क निराळे. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि नोकरी असल्यास रजेचे पत्र जोडावे.

नौकेवरील मुक्काम हा या अर्जातील नाजूक भाग आहे, कारण रोजचा पत्ता बदलतो. सर्व प्रवाशांची नावे असलेला करार, मूळ मरिनाचा पत्ता आणि बंदरांचा तारीखवार आराखडा एकत्र जोडावा. नौकेचा ताबा बहुधा शनिवारी सायंकाळी मिळतो. विमान शुक्रवारी उतरणार असेल तर त्या एका रात्रीचे हॉटेल आरक्षणही जोडावे, नाहीतर मुक्कामाच्या हिशेबात एक रात्र मोकळी दिसते.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर नौकेची कागदपत्रे, खलाशी यादी, परवाना आणि पासपोर्ट जलरोधक पिशवीत हाताशी ठेवावेत. मरिनाच्या स्वागतकक्षात ते मागितले जातात. नौका लावण्याचे शुल्क साधारणपणे तिच्या लांबीवर आकारतात. कोर्नाती आणि म्ल्येत येथील राष्ट्रीय उद्यानांची तिकिटे वेगळी काढावी लागतात. समुद्रातील संकटात व्हीएचएफचा १६ क्रमांकाचा चॅनल किंवा १९५ हा दूरध्वनी क्रमांक वापरावा.

दक्षिणेला मॉन्टेनेग्रोतील कोटोरपर्यंत जाण्याचा मोह होतो. मॉन्टेनेग्रो शेंगेन क्षेत्रात नाही. तिकडे जाण्यासाठी कंपनीची लेखी परवानगी हवी, अधिकृत प्रवेश बंदरात पोलिस आणि बंदर कप्तानाच्या कार्यालयात निर्गमनाची नोंद करावी लागते आणि परत येण्यासाठी एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा असावा लागतो. नौका डुब्रोव्हनिकला सोडून बसने स्प्लिटला परतणाऱ्यांनीही मार्ग विचारून घ्यावा. जुना किनारी रस्ता नेउम येथे बोस्नियाच्या हद्दीतून जातो, तर जुलै २०२२ मध्ये खुल्या झालेल्या पेल्येशाच पुलावरून जाणारा रस्ता पूर्णपणे क्रोएशियातूनच जातो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्यांनी या पुलावरून जाणारीच बस निवडावी.