जागतिक शासनाची भीती

आपण ज्यांना कधी मत दिलं नाही अशी परक्या शहरात बसलेली माणसं निर्णय घेतील आणि त्यामुळे आपलं बोलणं, फिरणं, पैसा, मालमत्ता, अगदी शरीरावरचा हक्कसुद्धा हळूहळू हातातून जाईल, ही धास्ती म्हणजे जागतिक शासनाची भीती. जागतिक शासन म्हणजे संयुक्त राष्ट्र, जागतिक आरोग्य संघटना, नाणेनिधी, जागतिक व्यापार संघटना, इंटरपोल अशा संस्था आणि देशादेशांतले करार मिळून जो कारभार चालतो तो. घाबरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर मात्र बहुतेक वेळा अख्ख्या जगाचं एकच सरकार असतं, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

भीती जुनी आहे आणि मूर्खांची तर अजिबात नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९५ मध्ये कायमच्या शांततेवर लिहिताना स्वतंत्र राष्ट्रांचा संघ सुचवला, पण सगळं जग एका सत्तेखाली आणायला त्याचा विरोध होता, कारण राज्य जितकं पसरेल तितका कायदा पातळ होतो आणि शेवटी हुकूमशाहीच उरते असं त्याला वाटायचं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या सिनेटने व्हर्साय तह नाकारला, त्या तहातूनच उभा राहिलेला राष्ट्रसंघ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था, त्यामुळे १९२० मध्ये सुरू झाला तो अमेरिकेशिवायच. पुढे १९५० च्या दशकात ओहायोचे सिनेटर जॉन ब्रिकर यांनी आंतरराष्ट्रीय करारांमुळे नागरिकांचे घटनात्मक हक्क जातील म्हणून घटनादुरुस्ती आणली, १९५४ मध्ये तिच्या मवाळ मसुद्याला ६० विरुद्ध ३१ मतं पडली आणि दोन-तृतीयांशाला फक्त एक मत कमी पडलं. इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही, या दुरुस्तीला पाठिंबा देणाऱ्या काहींना मानवाधिकार करारांमुळे वंशभेदाचे कायदे मोडतील हीच काळजी होती, म्हणजे स्वातंत्र्याचं नाव घेऊन दुसऱ्याचं स्वातंत्र्य अडवणंही चालू होतं.

जॉर्ज बुश थोरले यांनी ११ सप्टेंबर १९९० च्या भाषणात नव्या जागतिक व्यवस्थेचा उल्लेख केला आणि तो शब्द कटकारस्थानांच्या गोष्टींना चिकटला तो कायमचा. या गोष्टींत ज्यूंविरुद्धचा जुना द्वेष पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. १९९२ च्या रिओ पर्यावरण परिषदेत १७८ देशांनी मान्य केलेला अजेंडा २१ हा शाश्वत विकासाचा आराखडा कायद्याने कुणावरच बंधनकारक नव्हता, तरी त्यामुळे लोकांच्या जमिनी जातील या भीतीने अलाबामा राज्याने २०१२ मध्ये त्याच्याविरुद्ध कायदा केला. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत मंजूर झालेल्या महामारी कराराबद्दल तेच झालं, लॉकडाऊन किंवा लसीची सक्ती करायचा अधिकार आरोग्य संघटनेला मिळत नाही असं त्यातच स्पष्ट लिहिलंय, पण ते वाचतंय कोण.

कागदावर पाहिलं तर या संस्था तशा दुबळ्याच आहेत. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्य नाही, आमसभेचे ठराव बहुतेक वेळा शिफारशीच असतात, सनदेचं कलम २(७) देशांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायला मनाई करतं. उलट लोकांचं स्वातंत्र्य बहुतेक वेळा त्यांचं स्वतःचंच सरकार हिरावून घेतं, आणि अशा वेळी बाहेरची संस्था उपयोगी पडू शकते. स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय जागतिक नाही, युरोपापुरतंच आहे, पण १९८१ मध्ये त्याने उत्तर आयर्लंडमधला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा चुकीचा ठरवला आणि पुढच्या वर्षी तो बदलावा लागला.

पण कलम २(७) मध्येच एक अपवाद आहे, सुरक्षा परिषदेची सक्तीची कारवाई, आणि खरा धोका तिथे दिसतो. १९९९ च्या १२६७ क्रमांकाच्या ठरावाने तालिबानविरुद्ध सुरू झालेल्या आणि नंतर अल-कायदापर्यंत वाढत गेलेल्या निर्बंध यादीत नाव गेलं की सगळ्या देशांनी त्या माणसाची खाती गोठवायची, प्रवास बंद करायचा, मग आरोप काय, पुरावा काय, दाद कुठे मागायची याचं उत्तर कुणी द्यायचं नाही! खटला नाही, वकील नाही, आणि स्वतःचं सरकार म्हणणार की आमचे हात बांधलेले आहेत. सप्टेंबर २००८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने यासीन कादी या यादीतल्या सौदी व्यावसायिकाच्या खटल्यात सांगितलं की यादी सुरक्षा परिषदेची असली तरी बाजू मांडायचा हक्क डावलता येणार नाही, त्यानंतर २००९ मध्ये यादीतल्या लोकांच्या तक्रारी तपासायला स्वतंत्र लोकपाल नेमायचं ठरलं. व्यक्तिस्वातंत्र्याची काळजी असणाऱ्याने हा खटला नीट वाचावा, काल्पनिक जागतिक सरकारावर खर्च होणारी ताकद इथे लागायला हवी.

इंटरपोलच्या रेड नोटीसचंही, म्हणजे अमुक माणसाला शोधून अटक करा अशी एका देशाच्या मागणीवरून बाकीच्यांना केलेल्या विनंतीचंही, असंच आहे. संस्थेच्या घटनेचं कलम ३ राजकीय कामांना बंदी घालतं, तरी हुकूमशाही सरकारं परदेशात पळालेल्या विरोधकांना अडकवायला नोटिसा काढायला लावतात अशा तक्रारी वर्षानुवर्षं होतायत. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केलेल्या सायबर गुन्हे करारावर मानवाधिकार संघटनांचा आक्षेप याच धर्तीचा आहे, चार वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा म्हणजे गंभीर गुन्हा असं त्यात धरलंय आणि अशा गुन्ह्यांसाठी देशांनी एकमेकांना डिजिटल पुरावे पुरवायचे आहेत, मग ज्या देशात सरकारवर टीका करणं हाच असा गुन्हा आहे तिथल्या पत्रकाराचं काय, हा त्यांचा प्रश्न आहे. करारात मानवाधिकारांचं कलम आहे, पण ते कितपत पाळायचं हे बरंचसं त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलंय. आणि १२६७ च्या यादीसाठी नेमलेला तो लोकपाल सुरक्षा परिषदेच्या बाकीच्या निर्बंध याद्यांसाठी अजून नाही.